गुप्तरोग : दवाखान्यात न आलेला रोगी

गेल्या पंधरवड्यात या सदरासाठी आलेल्या टपालात एक निनावी पत्र होते. लिहिणारा तरुण आपल्याच जिल्ह्यातला. सध्या अंधेरीला साकीनाक्याच्या बाजूस एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याला लघवीच्या जागी एक लहानशी जखम झाली होती. ती दुखत नव्हती, खाजत नव्हती. त्याने मेडिकल स्टोअरमधून एक मलम आणून लावले आणि तीन-चार आठवड्यांत जखम भरून आली. "आता काहीही त्रास नाही," असे तो लिहितो आणि शेवटी एकच प्रश्न विचारतो : "गणपतीला घरी यायचे आहे. बायकोला यापासून काही होणार नाही ना?"

पत्रावर पत्ता नाही. तेव्हा उत्तर येथेच देणे भाग आहे, आणि ते थोडक्यात असे की, होऊ शकते. जखम गेली म्हणजे रोग गेला असे नव्हे. गावी येण्याआधी रक्त तपासून घ्यावे, आणि तोपर्यंत संबंध टाळावा. परंतु एवढ्या दोन ओळी लिहून मी थांबले तर ते उत्तर अर्धेच होईल. कारण हा प्रश्न मी उपनगरातल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात वीस वर्षांहून अधिक काळ ऐकत आले, आणि तो विचारणाऱ्यांपैकी निम्मी माणसे तरी आपल्या कोकणातली, देशावरची, खानदेशातली, म्हणजे मुंबईत एकटी राहणारी आणि घर गावाकडे असणारी होती.

असल्या विषयावर वर्तमानपत्रात लिहावे का, असे काही वाचकांना वाटेल. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून त्यात गुप्तरोगांविषयीही उघडपणे लिहिले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला ते हरले. पण पत्र पाठवून विचारणारी माणसे तेव्हाही होती आणि आजही आहेत, आणि पुष्कळांना विचारायला दुसरी जागा नसते. तेव्हा संकोच बाजूला ठेवून पुढे जाऊ.

१९९६ साली मी त्या रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभागात रुजू झाले. आमच्या दाराबाहेर एक लांब बाकडे होते आणि त्यावर भिंतीला मोठ्या अक्षरांत 'गुप्तरोग विभाग' अशी पाटी होती. त्या बाकड्यावर कधी कोणी बसलेले मी पाहिले नाही. आमचे रोगी समोरच्या कान-नाक-घसा विभागाच्या बाकड्यावर, खऱ्या कानदुख्यांच्या शेजारी बसत, आणि आमच्या दाराकडे डोळा ठेवून असत. नंबर आला की आधी इकडेतिकडे बघायचे, मग झटकन उठून आत शिरायचे. आमच्याकडच्या मामांना हे पाठ झाले होते. ते नाव पुकारीत नसत, नुसती मान हलवीत. असा मामा प्रत्येक दवाखान्यात असेल तर निम्मे काम होईल.

पण मामांपर्यंत पोहोचण्याआधी केसपेपरची खिडकी असते. तेथे रांगेत मागे वीस माणसे उभी आणि खिडकीतला माणूस मोठ्याने विचारतो, "काय होतंय?" ज्याला परमा झाला आहे, पू जातो आहे, लघवी करताना आग होते आहे, तो काय सांगणार? तो म्हणतो, "पोटात दुखतंय," आणि मेडिसिन विभागात जातो. तेथे दोन तास बसून डॉक्टरापुढे आल्यावर पुन्हा धीर होत नाही, म्हणून पोटाच्या गोळ्या घेऊन परत जातो. रोजंदारीवरच्या माणसाचा त्यात एक खाडा गेलेला असतो. दुसरा खाडा करून तो पुन्हा येत नाही. लोकलच्या डब्यात किंवा स्टेशनबाहेरच्या भिंतीवर चिकटवलेली जाहिरात त्याने वाचलेली असते, 'शर्तिया इलाज, गुप्त सल्ला'. तो तिकडे वळतो. तेथे त्याला कोणी रांगेत उभे करीत नाही, कोणी नाव विचारीत नाही, संध्याकाळी उशिरापर्यंत दार उघडे असते. आम्ही या भोंदूंना शिव्या देतो, त्या द्याव्यातच. पण त्यांनी जे ओळखले होते ते आमच्या दवाखान्यांना ओळखायला फार वर्षे लागली.

मी बाई डॉक्टर असल्यामुळे आणखी एक भानगड होती. पहिल्या वर्षी कित्येक पुरुष दार ढकलून आत येत, मला पाहत, "चुकून आलो" म्हणत आणि बाहेर पडत. मग मी मान वर न करता लिहीत राहायचे आणि "बसा, त्रास किती दिवसांपासून आहे तेवढेच सांगा," असे म्हणायचे. दिवस सांगायला कोणाला लाज वाटत नाही. एकदा दिवस सांगितले की पुढचे आपोआप येते.

आता रोगांविषयी. गुप्तरोग हा एक रोग नाही. बोलीभाषेत ज्याला परमा म्हणतात त्यात संबंधानंतर साधारण दोन ते सात दिवसांत पुरुषाला लघवीच्या वाटे पू जाऊ लागतो आणि आग होते. स्त्रीला मात्र त्याच रोगात बहुधा काहीच जाणवत नाही. आणि तो आतल्या आत गर्भाशयाच्या नळ्यांपर्यंत गेला की ओटीपोटात दुखणे मागे लागते, कधी मूलही राहत नाही. नागिणीच्या जातीचा हर्पीस हा दुसरा. त्यात बारीक, दुखणारे फोड पुन्हा पुन्हा येतात. मस येतात ते तिसरेच, आणि ज्या विषाणूंच्या गटामुळे ते येतात त्याच गटातले काही प्रकार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाला कारण होतात. एच.आय.व्ही. आणि ब प्रकारची कावीळ हेही संबंधातून पसरतात. कावीळ ब वर चांगली लस आहे.

पत्रलेखकाला जी शंका घ्यायला हवी तो रोग म्हणजे गरमी, वैद्यकात उपदंश. हा रोग फसवा आहे. जंतू शरीरात शिरल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहाव्या दिवशी तर कधी तीन महिन्यांनी, जेथून तो शिरला तेथे एक जखम होते. ती दुखत नाही, हाच तिचा मोठा दोष. दुखली असती तर माणूस धावत आला असता. औषध घ्या वा न घ्या, तीन ते सहा आठवड्यांत ती भरते, आणि ज्या मलमाने, ज्या अंगाऱ्याने किंवा ज्या भोंदूच्या पुडीने ती 'गेली' त्याला यश मिळते. जंतू मात्र रक्तात उतरलेला असतो. पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर, न खाजणारे तांबूस चट्टे येतात. तेही आपोआप जातात. मग वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. आणि पुढे कोणाच्या हृदयाची मोठी धमनी, कोणाचा मेंदू, कोणाचे डोळे यांवर तो हात टाकतो.

याला औषध काय? पेनिसिलिन. कर्व्यांच्या काळात सोमलाची इंजेक्शने देत, ती महिनोन् महिने घ्यावी लागत आणि रोग्याचे हाल होत. १९४३ साली अमेरिकेत पेनिसिलिनने गरमी बरी झाल्याचे दिसून आले. आपल्याकडे पेनिसिलिन बनवण्यासाठी १९५४ साली पिंपरीला सरकारी कंपनी निघाली. एवढी वर्षे लोटली, तरी गरमीचा जंतू पेनिसिलिनला दाद देईनासा झालेला नाही. अशी उदाहरणे औषधांच्या जगात थोडी. नव्या गरमीला लांब पल्ल्याच्या पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे एक वेळचे इंजेक्शन पुरते, जुनी किंवा किती जुनी ते ठाऊक नसलेली असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. हे इंजेक्शन कमरेत देतात, दुखते, आणि काहींना त्याची ॲलर्जी असते म्हणून आधी चाचणी करून देतात व नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. ॲलर्जीच्या भीतीने पुष्कळ खासगी डॉक्टर ते देतच नाहीत आणि दुसऱ्या गोळ्या लिहितात. गरोदर नसलेल्या माणसाला त्या चालतात. गरोदर स्त्रीला मात्र पेनिसिलिनच हवे, कारण पोटातल्या बाळापर्यंत खात्रीने पोहोचून रोग बरा करणारे तेच एक औषध आहे.

येथे मला एका माणसाची हकीकत सांगितली पाहिजे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलला आहे. तो घाटकोपरच्या असल्फ्याच्या डोंगरावर तीन मित्रांबरोबर खोली घेऊन राहत असे. बायको गावी, त्याच्या आईजवळ. त्याला गरमी होती, रक्ताची व्ही.डी.आर.एल. चाचणी सदोष आली होती. इंजेक्शन दिले. बायकोलाही तपासले पाहिजे हे सांगितले. तो म्हणाला, "ती गावाला असते मॅडम." मी चिठ्ठी लिहिली, तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नावे, की या बाईंचे रक्त तपासून कृपया उपचार करावेत. त्याने ती चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, "होय मॅडम," म्हणाला. मी केसपेपरावर 'पत्नीसाठी चिठ्ठी दिली' असे लिहिले आणि पुढच्या रोग्याला बोलावले. माझे काम झाले होते. कागदोपत्री.

तीन वर्षांनी आमच्या स्त्रीरोग विभागातून एका गरोदर बाईचा केसपेपर माझ्याकडे आला. व्ही.डी.आर.एल. सदोष. त्याआधी दोनदा दिवस गेले होते. एक मूल सातव्या महिन्यात पोटातच गेले, दुसरे पूर्ण दिवसांचे पण मेलेले जन्मले. गावी भगत झाला, नवस झाले, बाईच्या पायगुणावर बोलणे झाले. या वेळी नणंदेने हट्ट धरून तिला घाटकोपरला आणले, म्हणून रक्त तपासले गेले. नवऱ्याला बोलावले तेव्हा मी त्याला ओळखले, आणि त्यानेही मला. ती चिठ्ठी त्याने कुर्ल्याला गाडीत बसण्याआधीच फाडून टाकली होती. गावातल्या दवाखान्यात ती दाखवायची तर कंपाउंडरही ओळखीचा, नर्सबाई भावकीतली. संध्याकाळपर्यंत वाडीभर झाले असते. त्याला वाटले, आपले इंजेक्शन झाले ना, मग आता कशाला.

मी त्याच्यावर रागावले. नंतर पुष्कळ दिवस विचार करताना मला माझाही राग आला. मी त्याच्या हातात जे दिले होते ते औषध नव्हते, कबुलीजबाब होता, आणि तो त्याने स्वतःच्या गावात नेऊन वाचून दाखवावा अशी माझी अपेक्षा होती. त्या चिठ्ठीवर रोगाचे नाव लिहिण्याचे काहीच कारण नव्हते. त्याला विचारायला हवे होते की बायको मुंबईला केव्हा येईल, नणंदेकडे येऊ शकेल का, तू सुट्टीवर जाशील तेव्हा जिल्ह्याच्या गावी दोघे जाऊ शकाल का. पाच मिनिटे लागली असती.

बाईला पेनिसिलिन दिले. बाळ नीट झाले. पहिल्या दोन मुलांचे काय, ते मात्र तिने मला कधी विचारले नाही आणि मीही आपण होऊन सांगितले नाही. हे बरोबर केले की चूक, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

आणखी एक चूक सांगते, ती उलट्या बाजूची आहे. रुजू झाल्यावर पहिल्याच वर्षी मुलुंडहून एक बाई आल्या. अंगावरून पांढरे जात होते, खाज होती. मी घाईत म्हटले, "नवऱ्याला घेऊन या, त्यांच्याकडून आले असेल." त्या घरी गेल्या आणि घरात जे व्हायचे ते झाले, बाई माहेरी निघून गेल्या. चार दिवसांनी तपासणीचा निकाल आला : साधी बुरशी. अशी बुरशी मधुमेहात, गरोदरपणात, अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्यावर कोणत्याही बाईला होते. त्यात संबंधाचा, नवऱ्याच्या वागण्याचा काही भाग नसतो. अंगावरून पांढरे जाण्याची बरीच कारणे अशी निरुपद्रवी असतात. थोडी संबंधातून आलेली असतात आणि तेथे दोघांना औषध लागते. कोणते कोणते, ते तपासल्याशिवाय डॉक्टरानेही बोलू नये. मी बोलले होते.

पुरुषांतही असा एक मोठा वर्ग आहे ज्यांना रोगच नसतो. 'धातू जातो', झोपेत वीर्य जाते, हस्तमैथुनाने शक्ती गेली, या भीतीने हे तरुण येतात, आणि आमच्याकडे येईपर्यंत त्यांनी जाहिरातीच्या दवाखान्यात महिन्याचा पगार घालवलेला असतो. यात रोग नाही, औषध नाही. झोपेत वीर्य जाणे हे शरीराचे नेहमीचे काम आहे. या मुलांशी दहा मिनिटे बोलणे एवढाच उपचार. पण गर्दीच्या ओ.पी.डी.त ती दहा मिनिटे मिळत नसत. म्हणून पुढे समुपदेशक नेमले गेले ही फार चांगली गोष्ट झाली.

बदल आणखीही झाले. मुंबईत १९९८ साली एड्स नियंत्रणासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००७ ते २०१२ या काळात, गुप्तरोगांसाठी रंगीत डब्यांतली तयार औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागली : पू जात असेल तर राखाडी डबा, न दुखणाऱ्या जखमेसाठी पांढरा, अंगावरून जाण्यासाठी हिरवा, असे सात रंग. लक्षणे पाहून त्याच दिवशी औषध द्यायचे, प्रयोगशाळेच्या निकालासाठी रोग्याला परत बोलवायचे नाही, असा त्यामागचा विचार. जो माणूस दुसरा खाडा करू शकत नाही त्याच्यासाठी ही पद्धत उत्तम. माझी तक्रार एकच : ज्याला लक्षण नाही त्याच्यासाठी या डब्यांत काही नाही, आणि लक्षण नसलेला रोगी म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई.

मेडिकल स्टोअरमधून स्वतःच गोळ्या घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. परम्यावर एकेकाळी एका सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळीने काम होत असे. लोकांनी अर्धेमुर्धे डोस घेऊन आणि काही डॉक्टरांनी उठसूट लिहून ते औषध वाया घालवले. आता त्या जंतूला त्याचे काही वाटत नाही, म्हणून कार्यक्रमातले औषध बदलावे लागले. तेव्हा मित्राला लागू पडलेली गोळी तुम्हाला पडेलच असे धरून चालू नये.

लोकांनी स्वतःही एक मार्ग काढलेला मी पाहिला. घाटकोपरचा माणूस घाटकोपरच्या दवाखान्यात येत नाही, तो अंधेरीला जातो, आणि बोरिवलीचा माणूस मुलुंडला. २०१४ साली घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी नोकरदारांच्या सोयीविषयी रकाने भरले. माझ्या मनात आले, आमच्या रोग्यांचीही सोय झाली. गुप्तरोग लपवण्यासाठी इतके लांब जाणे चूक आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. ओळखीच्या ठिकाणी जायचे नसेल तर अनोळखी ठिकाणी जावे, पण जावे. गावाकडच्या माणसाला ही मोकळीक कमी, आणि गावाकडच्या बाईला तर नाहीच. तिला एकटीने तालुक्याला जायचे तर कारण सांगावे लागते. गरोदरपणीची तपासणी हे एकच कारण असे आहे की ज्याला घरात कोणी हरकत घेत नाही. म्हणून त्या तपासणीत एच.आय.व्ही. आणि गरमी या दोन्हींसाठी रक्त पाहिले जाते की नाही, हे प्रत्येकीने, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या सासूने किंवा नणंदेने, नर्सबाईला स्पष्ट विचारावे. शासनाच्या कार्यक्रमात ही तपासणी आहे आणि मोफत आहे.

काही पुरुषांचे संबंध पुरुषांशी असतात. लग्न झालेलेही यात असतात. हे लोक आमच्याकडे येऊन अर्धे सांगत, कारण आम्ही "बाहेरच्या बाईकडे गेला होतात का?" असाच प्रश्न विचारीत असू, आणि त्याचे खरे उत्तर "नाही" असे असे. मग गुदद्वाराजवळची जखम पाहायची राहून जाई. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट या लोकांसाठी काम करते आहे. त्यांच्या कार्यकर्त्यांनी रोग्यांना हाताला धरून सरकारी दवाखान्यांत आणले, तसेच प्रश्न कसा विचारावा हे डॉक्टरांनाही शिकवले. असे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. तेव्हा डॉक्टरला खरे सांगितल्याने पोलीस येतील ही भीती उरलेली नाही.

कायद्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. एच.आय.व्ही.विषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे माणसाच्या संमतीवाचून ही चाचणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो, आणि त्या कारणाने नोकरीवरून काढणे किंवा उपचार नाकारणे बेकायदा आहे. गुप्तरोगाच्या प्रत्येक रोग्याला आम्ही ही चाचणी करून घ्यायला सांगतो, कारण जखमेतून एच.आय.व्ही.चा शिरकाव सोपा होतो. निकाल सदोष आला तरी आज घाबरण्याचे दिवस नाहीत. २००४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात मोफत औषधे सुरू झाली तेव्हा ती ठरावीक पातळीच्या खाली उतरलेल्या रोग्यांनाच मिळत. २०१७ पासून निदान झाले की लगेच मिळतात, आणि ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचा प्रश्न अवघड आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशा प्रकरणाची माहिती पोलिसांना देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि त्या धाकाने मुले येतच नाहीत. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

आता पुन्हा पत्रलेखकाकडे. तुम्ही साकीनाक्याला राहता. मेट्रोने घाटकोपरला येऊन राजावाडीला जा, किंवा अंधेरीला उतरून पुढे जुहूच्या बाजूचे कूपर गाठा; दोन्ही महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत. केसपेपर सकाळीच निघतो, दुपारी खिडकी बंद होते, तेव्हा लवकर निघा. खिडकीवर "त्वचारोग" एवढेच सांगा. त्वचा व गुप्तरोग हा बहुधा एकच विभाग असतो. काही ठिकाणी दारावर 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी दिसेल, तेही हेच. कोणत्या वारी असते ते माहीत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. नाव सांगावे लागत नाही. डॉक्टर जागा तपासतील, त्याला पर्याय नाही. दोन मिनिटांचे काम असते. जखम झाल्याची तारीख आणि लावलेल्या मलमाची ट्यूब जवळ असेल तर न्या. रक्त घेतील. निकाल सदोष आला तर इंजेक्शन, आणि नंतर तीन, सहा व बारा महिन्यांनी पुन्हा रक्त, कारण रोग उतरतो आहे की नाही हे त्यावरूनच कळते.

जखम होण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर तुम्ही घरी येऊन गेला असाल, तर बायकोचीही तपासणी लागेल. लागण अगदी अलीकडची असेल तर रक्तात ती लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांच्या आत संबंध आलेला असल्यास रक्त निर्दोष असले तरी इंजेक्शन देतात. घरी आला नसाल, तर तिला काहीही झालेले नाही, आणि ते तसेच ठेवणे तुमच्या हातात आहे : इंजेक्शन झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोपर्यंत संबंध नको.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर ती फाडू नका. तुमच्या गावच्या दवाखान्यात न्यायची नसेल तर तसे त्यांना स्पष्ट सांगा आणि जिल्हा रुग्णालयाच्या नावे लिहून मागा; तेथे गणपतीच्या सुट्टीत दोघांना एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. मात्र गणेशचतुर्थीच्या दिवशी ओ.पी.डी. बंद असते आणि त्या आठवड्यात डॉक्टरही रजेवर असतात, म्हणून शक्य असेल तर दोन दिवस आधी या.